बैलांचे उभे दगड

पऱ्हाटी उपटून झाली की आमचं वावर उघडं पडतं. आधी गवताखाली आणि मग कापसाखाली दडलेले गोटे वर येतात. टेकडीच्या पायथ्याला चुनखडीचे थर दिसायला लागतात, एकावर एक, पातळ, कोणी लुगड्याच्या घड्या घालून ठेवाव्यात तसे. माघ सरत आलेला असतो. सकाळी घोंगडी लागते, दुपारी डोकं झाकावं लागतं. पळसाला अजून कळ्याच असतात. हे दिवस दरसाल येतात आणि दरसाल मी बांधावर बसून त्या थरांकडे पाहत राहतो. काम काही नसतं. उठायचा कंटाळा असतो, एवढंच.

माझं शिक्षण दुसरी पास. शनिवारी जन्मलो म्हणून नाव थावरा. आमच्या गोर बोलीत शनिवारला थावर म्हणतात. लिहायला बसलो तेव्हा घरचे हसले. हसू द्या. हातात सब्बल धरली तेव्हाही ती कशी धरायची ते मला कोणी शिकवलं नव्हतं. लिहायचं आहे ते एका हंगामाचं. त्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. त्या हंगामात एक गोष्ट मला माहीत होती आणि मी ती बोललो नाही. तेवढ्यापायी आमच्या तांड्याच्या बाया चौदा-पंधरा वर्षं नदीवरून पाणी वाहत राहिल्या.

आमचा तांडा घाटंजीपासून बंडीनं दीड दिवसाच्या वाटेवर, पैनगंगेच्या अंगाला, टेकड्यांच्या पायथ्याशी. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरत. त्याला आम्ही लदेणी म्हणतो. रेल्वे आली, लदेणी मोडली, आणि माझा पणजा जिथे शेवटचा थकला तिथेच तांडा बसला. पाणी पाहून त्यानं जागा निवडली नव्हती. नदी कोसभर खाली. जवळचा नाला दिवाळीपर्यंत वाहतो, मग कोरडा.

ज्या साली आमचा जिल्हा मुंबईच्या राज्यात गेला, त्याच्या पुढच्या का त्याच्याही पुढच्या हिवाळ्यात सर्व्हेची जीप आली. सरकारचे भूगर्भवाले. दोन तंबू, एक साहेब, पुसदचा ड्रायव्हर करीमभाई. जमिनीच्या आत कोणता खडक आहे, कुठून कुठपर्यंत आहे, कसा कललेला आहे, ते कागदावर उतरवायचं त्यांचं काम. असं काम हिवाळ्यातच होतं. गवत वाळलेलं असतं, सागाची पानं गळलेली असतात, आणि डोंगराची हाडं मोजता येतात.

करीमभाईनं मला पहिल्या दिवशी विचारलं, "क्यूं भाई, इस टेकडी पे रस्ता जाता क्या?"

मी म्हटलं, "रस्ता नाही जात. मी जातो."

साहेब जीपमधून उतरता उतरता हसला. कोकणाकडचा होता, वयानं माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा असेल, म्हणजे तिशीच्या आतला. गोरा, हडकुळा, डोक्यावर मोठी टोपी. म्हणाला, "मग तूच चल उद्यापासून." मी तेव्हा बावीस-तेवीसचा. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या बायकोचं नाव जमनी. ती दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन नदीची चढण चढत होती. तिनं वाटेतच ऐकलं आणि हसत म्हणाली, "गोटे उचलाचे पैसे देते सरकार? आमाले कोनी पान्याचे देत नाही."

त्या हंगामाचा मला सगळ्यात आधी वास आठवतो. हातोडीनं चुनखडी फोडली की ठिणगी पडल्यासारखा एक वास येतो, आणि काळा पाटीसारखा दगड फोडला तर ओल्या मातीचा. मग आवाज. साहेबानं मला शिकवलं की जो खडक जमिनीत आहे तिथेच जन्मलेला आहे, त्यावर हातोडी मारली की ठस्स वाजते, आवाज आत जातो. जो पुरानं, माणसानं, उतारानं कुठून तरी आणलेला आहे, तो मोकळा वाजतो. पहिल्याला तो जागेवरचा म्हणायचा, दुसऱ्याला आलेला. नकाशावर जागेवरचाच दगड घ्यायचा. आलेल्या दगडाला कितीही रूप असो, त्याची नोंद करायची नाही. मला ते ऐकून कसंसंच झालं. आमचा अख्खा तांडा आलेला. पण मी काही म्हटलं नाही, काम चांगलं होतं.

आम्ही नाल्यानाल्यानं चालायचो. नाल्यानं जमीन चिरलेली असते, आतलं दिसतं. थराचा सपाट भाग सापडला की साहेब बाटलीतलं थोडं पाणी त्यावर ओतायचा आणि ते कुठे पळतं ते पाहायचा. त्या अंगाला थराचा कल. मग कंपास टेकवायचा. त्यात एक पाण्याचा बुडबुडा असायचा, तो मधे आला की आकडा वाचायचा. मी आकडा ऐकून पिशवीवर लिहायचो, आणि त्याच आकड्याचा दगड पिशवीत घालायचो. आकडे मला येत होते. संध्याकाळी पाठीवर पोतं असायचं आणि करीमभाई जीपच्या बॉनेटवर बसून म्हणायचा, "देखो देखो, थावरा की लदेणी आ गई. बाप-दादा नमक लादते थे, ये सरकार के लिए पत्थर लाद रहा. खानदानी धंधा फिर चालू!"

मी म्हणायचो, "तुमची जीप बसली की तिलेही मीच लादतो, करीमभाई."

"अरे, जीप को नजर मत लगा रे बाबा."

नाल्याच्या एका वळणावर एक कडा आहे. आजही आहे. तिथे चुनखडीचे थर सरळ येता येता वर उचलले जातात, वळतात आणि पुन्हा खाली जातात. आम्ही लहानपणापासून तो पाहत आलो, पण पाहिला कधीच नव्हता. साहेब त्याच्यासमोर भर दुपारी पाऊण तास बसून राहिला. भाकर खायचं विसरला.

मी विचारलं, "हा गोटा तवा मऊ होता का साहेब?"

"नाही. असाच. पण खूप खोल होता आणि दोन्हीकडून दाब होता."

"मंग तुटला काहून नाही?"

"घाई नव्हती कुणाला," साहेब म्हणाला.

मी म्हटलं, "लादलेला बैल खाली बसते तवा पाठीवरची गोणी अशीच दुमडते." साहेबानं माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काही लिहिलं. इंग्रजीत होतं, मला वाचता आलं नाही. पण माझ्या बोलण्यावरून लिहिलं होतं. त्या दिवशी पोतं मला हलकं वाटलं. आता सांगायला लाज नाही, त्यानंतर दहा-बारा दिवस मी तांड्यात जरा छाती काढूनच चाललो. जमनी म्हणाली, "साहेबाची टोपी तेवढी मांगून घ्या. बाकी सब्बन आलं अंगात."

ताठा माझ्यात आधीपासूनचा. बापातही होता. बाप पाटलासमोर बसत नसे, कारण पाटील त्याला जमिनीवर बसायला सांगायचा. उभ्यानं बोलायचा आणि उभ्यानं निघून यायचा. मला ते फार मोठं वाटायचं. अजूनही वाटतं. माणूस थकतो, पण त्याचा ताठा थकत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही.

मग तो दिवस. साहेबाला दोन दिवसांपासून कणकण होती. ऑफिसातून कसलंसं पत्र आलं होतं, काम उशिरा चाललं आहे म्हणून. नाल्यात एक मोठी फरशी पडलेली होती आणि साहेब तिच्यावर कंपास टेकवत होता. बाजूला करीमभाई होता, शेजारच्या पोडावरचे, म्हणजे आदिवासी वस्तीवरचे, तीन मजूर होते. मी म्हटलं, "साहेब, हा जागेवरचा नाही. पुरानं आणला. मागच्या पावसाळ्यात हा इथं नव्हता."

साहेब मान वर न करता म्हणाला, "थावरा, तू गोटे उचल. कुठला गोटा कुठला, ते मी बघतो. तुझ्याकडून शिकायचं अजून बाकी आहे का माझं?"

मजूर खाली पाहून हसले. करीमभाई म्हणाला, "लो! हेडमास्टर साहब की बदली हो गई." त्यानं ते मजेनं म्हटलं. करीमभाईच्या मनात कधी काही नसायचं. पण मी पोतं उचललं आणि त्या दिवशी कोणाशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा तिथे गेला. फरशीच्या खाली हात घातला, तर खाली वाळू. त्यानं वहीतली नोंद खोडली. मी शेजारी उभा होतो. त्यानं खोडली, वही मिटली आणि पुढे चालू लागला. एक शब्द नाही. तेवढं म्हटलं असतं, तुझं बरोबर होतं रे, तर मी पुढचं सगळं सांगितलं असतं. असं मी इतकी वर्षं स्वतःला म्हणत आलो. खरं खोटं आता मलाही कळत नाही. तिथेच मनाशी ठरवलं, विचारल्याशिवाय गोट्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

आता त्या दगडांबद्दल सांगतो. लदेणीच्या काळात माझ्या पणजाच्या ताफ्यात रोग आला आणि टेकडीच्या उतारावर एकाच मुक्कामात नऊ बैल मेले. आमच्या घराण्यात चाल अशी की लदेणीचा बैल वाटेत मेला तर त्याला गिधाडांना टाकायचं नाही. पुरायचा, आणि डोक्याशी एक फरशी उभी गाडायची. फरशीची धार वाटेच्या दिशेला, म्हणजे बैलाला पुढची वाट दिसत राहील. शेंदूर लावायचा नाही. बैल देव नव्हता, सोबती होता. पोळ्याला तेवढं प्रत्येकाशी मूठभर मीठ ठेवायचं. अशा नऊ फरश्या ओळीनं, सगळ्यांच्या धारा एकाच दिशेला, अर्ध्याहून जास्त मातीत गेलेल्या, वर करडे डाग चढलेले. फरश्या नाल्यातूनच काढून नेलेल्या, त्यामुळे दगड तोच. पाहणाऱ्याला वाटावं की चुनखडीचे थर इथे उभे होऊन जमिनीतून वर आलेत.

साहेबाला तेच वाटलं. दिवस कलला होता. तो भराभर चढून आला, पहिल्या फरशीला हात लावला, दुसरीला, आणि त्याचा चेहरा उजळला. कंपास टेकवला. आकडा बोलला. दुसरीचाही जवळपास तोच आकडा. मी पिशवीवर लिहिला. मग त्यानं हातोडी घेतली आणि फरशीच्या कोपऱ्याचा टवका काढला.

आवाज मोकळा आला. मला ऐकू आला. साहेबाला यायला पाहिजे होता. पण हवं ते सापडलेल्या माणसाला तेवढ्यापुरतं ऐकू येत नाही.

माझ्या पणजाच्या बैलाच्या डोक्याचा तो टवका साहेबानं माझ्या हातात दिला. मी तो पिशवीत घातला. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. करीमभाईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "क्यूं थावरा, मुंह में पान है क्या?"

"काई नाही," मी म्हटलं. "साहेबानं इचारलं नाही."

तंबूत साहेबानं नकाशावर बारीक रेघा ओढल्या. त्या मी रोज पाहायचो, त्यामुळे मला एवढं समजलं की उतारावरच्या त्या रेघेनं त्याचं मोठं अडलेलं काम सुटलं आहे. मनात म्हटलं, कागदावरची रेघ आहे. कागद दिल्लीला जाईल का कलकत्त्याला जाईल, तिथे कोण येतं बैल मोजायला. साहेबाची चूक साहेबाच्या पेटीत जाईल. मला थोडं बरंही वाटलं.

होळीच्या आधी मुक्काम हलायची वेळ आली. आमच्या तांड्याचा नायक हामू माझा चुलता. त्यानं साहेबाला जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमी जमिनीच्या पोटातलं पाह्यता. आमाले एका विहिरीची जागा दाखवून द्या. बाया थकल्या."

साहेबानं आनंदानं होकार दिला. चांगला माणूस होता. त्यानं सगळ्यांसमोर हाताची ओंजळ वाटीसारखी केली. म्हणाला, "थर असे वाटीसारखे वाकतात, तिथे पाणी साचतं. वाटीची एक कड नाल्यात आहे. दुसरी कड मला टेकडीच्या उतारावर सापडली. म्हणजे वाटीचा तळ या दोन्हींच्या मधे." आणि तो चालत जाऊन नायकाच्या वावरात उभा राहिला. पायानं रेघ ओढली.

दुसरी कड म्हणजे आमचे बैल. ती कड नव्हतीच. मग मधे वाटी कुठली? एवढं दुसरी पास माणसालाही समजत होतं. नकाशातली चूक चालत येऊन नायकाच्या वावरात उभी राहिली होती.

हामू नायकाची बायको, माझी काकी, तांड्यातल्या बायांची म्होरकी होती. पहाटे तीच हाक मारायची आणि सगळ्या घागरी नदीला निघायच्या. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "थावरा, तू तं साहेबासंगं रोज होता. जागा बराबर हाय ना रे?"

विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आता विचारलं होतं. सगळा तांडा पाहत होता, साहेब पाहत होता, करीमभाई विडी हातात धरून पाहत होता. बोललो असतो तर आधी का नाही बोललास, हे आलं असतं. साहेबाचा चेहरा पडला असता. आणि तो पुन्हा म्हणाला असता, तू गोटे उचल, यावेळी अख्ख्या तांड्यासमोर.

मी म्हटलं, "साहेब शिकलेले हायेत काकी. त्यायले इचार."

काकी म्हणाली, "त्यायनं तं सांगतलंच. मी तुले इचारून राह्यली." आणि मी खाली वाकून चप्पल घालू लागलो.

जीप गेली. पाडव्याला नारळ फोडून खणायला सुरुवात झाली. चैत्र आणि वैशाख. त्या उन्हाचं वर्णन मी काय करणार. सब्बल सावलीत ठेवली नाही तर धरता येत नव्हती. वरची माती, मुरूम, मग काळा पाटीसारखा दगड. तो कुदळीला पापुद्र्यासारखा निघायचा आणि पायाला कापायचा. बारा माणसं पाळीपाळीनं उतरत. मी दुसऱ्यांच्या पाळीतही उतरायचो. लोक म्हणत, थावरा किती जीव तोडून खणतो. मला वाटायचं, खणून खणून कदाचित खोटंही खरं होईल. कधी कधी वाटायचं, साहेबाचंच बरोबर असेल, मला काय कळतं. रोज संध्याकाळी वर येताना मी हाताला माती लावून ओल पाहायचो. कोरडी. भाजलेल्या पिठासारखी.

खणणाऱ्यांना प्यायला पाणी पाहिजे, ते नदीवरूनच आणायचं. म्हणजे बायांच्या खेपा वाढल्या. जमनीला दिवस गेले होते, तरी तीही जायची. काकी कडेवर उभी राहून आत ओरडायची, "थावरा, तुह्या साहेबाले चिठ्ठी धाड. पानी नाही तं नाही, गोटे कसे खायचे ते तरी शिकव म्हणा." खालून सगळे हसायचे. मीही हसायचो.

चाळीस हातांवर नायकानं थांबवलं. आत वाकून पाहिलं आणि आमच्या बोलीत एवढंच म्हणाला, "पाणी छेनी." पाणी नाही. कोणी भांडलं नाही. सब्बली धुतल्या नाहीत, पाणीच नव्हतं धुवायला. तशाच खांद्यावर टाकून माणसं घरी गेली. त्या दिवसापासून तांड्यात त्या खड्ड्याला साहेबाची विहीर म्हणायला लागले.

पुढच्या हिवाळ्यात जीप पुन्हा आली. कामाचा शेजारचा तुकडा राहिला होता. साहेब उतरला तोच विहिरीकडे गेला. कडेवर उभा राहिला आणि बराच वेळ आत पाहत राहिला. टोपी काढून हातात घेतली होती. करीमभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "रास्ते भर बच्चे जैसे पूछ रहे थे, करीम, पानी कितने पे लगा होगा. अब तू ही बता, क्या बोलूं?"

तेव्हा मी साहेबाला उतारावर घेऊन गेलो. एका फरशीपाशी बसलो आणि सब्बलीनं माती काढली. हातभर खाली फरशी संपली. तिच्याखाली माती, आणि मातीत एक शिंग. साहेबानं ते पाहिलं. कंपास काढला नाही.

"किती आहेत?" त्यानं विचारलं.

"नऊ. माह्या पणजाचे बैल."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी म्हनले होते, गोटे उचल."

मला वाटलं साहेब ओरडेल. ओरडला असता तर फिटलं असतं. तो म्हणाला, "हो. म्हणालो होतो." मग त्यानं मातीत बोट फिरवून ती जागा सपाट केली, शिंग पुन्हा झाकलं, आणि त्या दिवशी आम्ही पुढचे चार नाले पायाखाली घातले. संध्याकाळपर्यंत खरी दुसरी कड सापडली, टेकडीच्या पलीकडच्या अंगाला. वाटी होती. पण तिचा तळ नायकाच्या वावरात नव्हता, टेकडीजवळच्या मोहाच्या झाडांकडे होता. तंबूत त्यानं नकाशावरची जुनी रेघ रबरानं खोडली. कागद खरवडला जाईपर्यंत खोडली.

दुसऱ्या दिवशी साहेब नायकाच्या दारात उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "नाईक, चूक माझी. मी घाईनं जागा सांगितली. आता बरोबर जागा सापडली आहे, मोहाच्या झाडांपाशी." एवढं बोलून तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. एकदाच. माझं नाव घेतलं नाही. वाट मोकळी ठेवून तो बाजूला झाला होता. मी त्या वाटेनं गेलो नाही.

नायक म्हणाला, "साहेब, तुमी मानूस चांगले. चूक झाली म्हनून सांगाले परत आले, असं कोनी येत नाही. पण आता मानसं खंदणार नाहीत. हाताची कातडी अजून आली नाही त्यायची."

मी तिथे बोललो असतो, की साहेबाचं ज्ञान खोटं नव्हतं, मी खोटा होतो, ही दुसरी जागा खरी आहे, तर कदाचित खणलं असतं. कदाचित नसतंही. पण मी माझ्या हाताकडे पाहत उभा राहिलो. पहिल्या वेळी साहेबाचा राग होता. दुसऱ्या वेळी रागही नव्हता. नुसती सवय झाली होती गप्प राहायची.

मोहाकडे कोणी कुदळ मारली नाही. मी एकट्यानं दोन उन्हाळे मारली, लपून, झाडाखालची जागा साफ करतो म्हणून. कंबरभर खड्डा झाला. पावसाळ्यात भरून गेला. एकट्याचं ते काम नव्हतं. मोठ्या दुष्काळानंतर सरकारनं हातपंप दिला. यंत्रवाल्यांनी आपल्या हिशेबानं जागा निवडली, साहेबानं दुसऱ्यांदा दाखवलेल्या जागेपासून चाळीस पावलांवर. गार, गोड पाणी लागलं. हामू नायक ते पाहायला राहिला नव्हता. बाया पंपाभोवती नाचल्या. काकीनं पहिली घागर भरली आणि माझ्या अंगावर ओंजळभर पाणी टाकून हसली. मी घरी जाऊन निजलो, ताप आला म्हणून सांगितलं.

साहेबाचं पुढे काय झालं ठाऊक नाही. तो नकाशा कुठे असेल तर त्यात आमच्या उतारावर खरवडलेला डाग असेल. बाकी सगळं बरोबर असेल, माझा त्यावर भरवसा आहे. साहेबानं खोडलं तेव्हा त्याला किती वेळ लागला? घटकाभर. मला नाही जमलं.

परवा नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. विषय साधा होता, ती कोरडी विहीर बुजवायची. त्यात वासरू पडलं होतं. नवा नायक माझ्या नातवाच्या वयाचा आहे. म्हणाला, "साहेबाची विहीर बुजवून टाकू. कोनाले काई म्हनाचं हाय का?"

मी उभा राहिलो. आणि इथे जे लिहिलं आहे ते सगळं सांगितलं. बैलांचे दगड, टवका, काकीनं विचारलं ते, साहेबानं माझं नाव घेतलं नाही ते. बोलायला फार वेळ लागला नाही. चाळीस वर्षं वाटायचं, केवढं मोठं आहे. मी म्हटलं, "नसाबीनं दंड सांगावा. मी भरतो."

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. नायक म्हणाला, "जाऊ द्या न बाबा. आता घरोघरी नळ हाय. कोन इचारते जुनं?"

"मी इचारते," बायांतून आवाज आला. जमनी होती. मी हे तिलाही कधी सांगितलं नव्हतं. ती उठून पुढे आली. "तुमी काहून नाही बोलले?"

"साहेबानं चार मानसांत मले बोललं होतं."

"मंग?"

"मले अपमान वाटला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या मानेत इतक्या वर्षांच्या घागरींचा बाक आहे, त्यामुळे तिला वर पाहायला त्रास होतो. म्हणाली, "राग तुमचा होता. अन् पानी आमी आनलं." आणि जागेवर जाऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पोरं तर पोरं, म्हातारेही खाली पाहू लागले. दंडाचं कोणी काढलं नाही.

काकीला आता दिसत नाही. ऐकू येतं, पण उशिरा येतं. तिनं शेजारणीला विचारलं, "कोन बोललं हे?"

"थावरा."

"अजून उभाच हाय का तो?"

"हाव."

नदीच्या वाटेच्या बायांपैकी आता काकी, जमनी आणि आणखी दोघी, एवढ्याच उरल्या आहेत. मग ती म्हणाली, "बस म्हना त्याले."

मी बसलो. नसाब पुढच्या कामाला लागली.